शाल-श्रीफळ आणि सेहेचाळीस वर्षे

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारावे की, ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिले? तो क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल – अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. उत्तर बिनचूक आहे. पूर्ण गुण मिळतील. परंतु त्या पदकाच्या तब्बल छत्तीस वर्षे आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एका मराठी जवानाच्या पराक्रमाने भारताचा तिरंगा सर्वांत उंच चढला होता, हे त्या मुलास ठाऊक असण्याची शक्यता फार थोडी. ५० मीटर मुक्तशैली जलतरण, वेळ ३७.३३ सेकंद, सुवर्णपदक आणि सोबत विश्वविक्रम. जवानाचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. गाव सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातले.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो : ती पॅरालिंपिक होती, ऑलिंपिक नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा तलावात उतरून पाहावे. दोन्ही पाय घट्ट बांधून घ्यावेत आणि केवळ हातांच्या बळावर पन्नास मीटर अंतर कापावे. पोहणाऱ्याचे पाय त्याला पुढे तर ढकलतातच, शिवाय शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतरही ठेवतात. ज्याच्या पायांतील शक्ती गेली आहे, त्याचे कमरेखालचे शरीर पाण्यात खाली खेचले जाते आणि प्रत्येक हातामागे त्या ओझ्याचा रोध सोसावा लागतो. त्या रोधासह ३७.३३ सेकंद! हिशेब मांडायचाच असेल तर असा मांडावा. पण हिशेब मांडण्याची इच्छाच नव्हती, आणि याच अनिच्छेची मीमांसा करणे आज अगत्याचे झाले आहे.

१९४४ साली पेटकरांचा जन्म झाला तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा तालुका त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पेटकरांच्या जन्मकाळी याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांची सत्ता खिळखिळी करीत होते, आणि नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र हे गावही याच वाळवा तालुक्यातले. थोडे आणखी मागे गेले तर समर्थ रामदासांचे अकरा मारुती दिसतात. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव ही साताऱ्याकडची ठाणी. शिराळा आणि कृष्णेच्या पात्रातील बहे ही आजच्या सांगलीतील. समर्थांनी या खोऱ्यात बलोपासनेची जी पेरणी केली, तिचे पीक गावोगावच्या तालमींतून पिढ्यान् पिढ्या निघत आले. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर घरटी सैनिक देण्याबद्दल 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. अशा मातीतला मुलगा लहानपणी कुस्ती खेळतो आणि मिसरूड फुटण्याआधी सैन्याची वाट धरतो, यात नवल ते काय?

पेटकर सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलात कारागीर जवान झाले. सिकंदराबादच्या केंद्रात त्यांनी मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळवले. १९६५ साली पाकिस्तानने युद्ध लादले. त्या युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी या उमद्या मुष्टियोद्ध्याचे शरीर विदीर्ण केले. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. वय अवघे वीस. कमरेखालच्या शरीराने साथ सोडली. मुंबईतील 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. मुष्टियुद्धाने घडवलेले खांदे आणि दंड शाबूत होते. औषध म्हणून दिलेले पोहणे पुढे त्यांचे शस्त्र झाले.

येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. जायबंदी सैनिकाला खेळाच्या मार्गाने पुन्हा उभे करण्याची कल्पना इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात आकाराला आली. तिचे जनक डॉ. लुडविग गुटमन हे ज्यू. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली त्यांना परागंदा व्हावे लागले होते. कण्याला इजा झालेला सैनिक म्हणजे अंथरुणात पडून मृत्यूची वाट पाहणारा जीव, ही तत्कालीन वैद्यकशास्त्राची समजूत त्यांनी मोडून काढली. लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन ज्या दिवशी झाले, त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. बारा वर्षांनी, १९६० साली, रोममध्ये तिचे रूपांतर पहिल्या पॅरालिंपिकमध्ये झाले. दया मागायला नव्हे तर स्पर्धा करायला निघालेल्या सैनिकांचा हा उपक्रम होता. आपल्याकडे मात्र त्याचे भाषांतर 'अपंगांचे खेळ' असे झाले आणि शब्दाबरोबर दृष्टीही लंगडी झाली.

भारताने या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले ते १९६८ साली, इस्रायलमध्ये. दहा खेळाडूंचे पथक गेले. टेबल टेनिस खेळण्यासाठी पेटकर त्यात होते. ज्या इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडण्याचे धाडस दिल्लीला १९९२ सालापर्यंत झाले नाही, तेथे आपले जायबंदी खेळाडू चोवीस वर्षे आधीच राष्ट्रध्वज घेऊन पोचले होते, हीदेखील नोंद घेण्याजोगी बाब. या प्रवासांमागे सरकारी यंत्रणेपेक्षा विजय मर्चंट यांच्यासारख्या थोर क्रिकेटपटूचे साह्य होते. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पेटकरांनी जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले. स्टोक मँडेव्हिलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १९६९ ते १९७३ अशी सलग पाच वर्षे सर्वसाधारण अजिंक्यपदाचा चषक त्यांच्याकडे राहिला. आणि मग १९७२. ऑलिंपिक म्युनिकमध्ये होते. पण तेथील क्रीडाग्राम नंतर घरांच्या उपयोगात आणायचे ठरल्याने पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवण्यात आले. २ ते ११ ऑगस्ट हे त्याचे दिवस. सुवर्णपदक विजेते पेटकर त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या तिन्ही प्रकारांत अंतिम फेरीत पोचले होते. एक मनुष्य, चार प्रकार! त्यानंतर म्युनिकला गेलेल्या भारतीय ऑलिंपिक पथकाच्या वाट्याला हॉकीचे कांस्य, एवढे एकच पदक आले.

मायदेशातील स्वागत

सुवर्णपदक घेऊन परतलेल्या या सैनिकाचे देशाने काय केले? महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कार दिला, एवढे मान्य करावे लागेल. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांनी पुढे दीर्घकाळ नोकरी केली, संसार केला, मुलांना वाढवले. राष्ट्र म्हणून म्हणाल, तर शून्य. अर्जुन पुरस्कार १९६१ सालापासून दिला जातो. त्या पुरस्कारासाठी १९८२ साली आपण केलेली मागणी नाकारण्यात आली आणि अपंगत्व हेच त्याचे कारण होते, असे पेटकर स्वतः सांगत आले आहेत. १९८२ हे वर्ष विसरता येत नाही. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या. नवी स्टेडियम, नवे उड्डाणपूल, रंगीत दूरदर्शन असा सारा थाट उडवून देण्यात आला. क्रीडेवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या त्या दिल्ली दरबाराला विश्वविक्रम करणाऱ्या जवानाच्या छातीवर एक पदक लावणे जमले नाही.

मुळात वीराने पुरस्कारासाठी अर्ज करावा, ही रीतच कोणत्या संस्कृतीत बसते? शिवछत्रपतींच्या दरबारात सोन्याचे कडे मिळवण्यासाठी मावळ्याला तीन प्रतींत अर्ज भरावा लागत नव्हता. पराक्रम राजाने शोधायचा असतो. स्वातंत्र्यानंतर आलेल्या परवाना-राज्याने उद्योगाला जसे अर्जाच्या फायलीत कोंडले, तसेच पराक्रमालाही कोंडले.

हा प्रकार केवळ पेटकरांच्या वाट्याला आला असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण कृष्णेच्या काठाने वर कऱ्हाडकडे जावे. तेथून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनी जिंकले. त्या प्रवासासाठी पैसा उभा करताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. शिक्षकाने घर गहाण टाकायचे, गावकऱ्यांनी वर्गणी काढायची आणि सरकारने पदक आल्यावर छायाचित्रात उभे राहायचे – खाशाबांच्या बाबतीत तेवढाही उत्साह दिसला नाही. पोलीस खात्यात त्यांनी आयुष्य काढले, १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन साजरा करण्याचे शहाणपण महाराष्ट्राला सुचायला एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटावी लागली.

खाशाबांच्या उपेक्षेस कुस्ती हा 'खेड्यातला' खेळ मानणारी शहरी, इंग्रजाळलेली दृष्टी कारणीभूत होती. पेटकरांच्या उपेक्षेत तीच दृष्टी होती आणि तिच्यात दयेची भर पडली होती. दया ही अवहेलनेपेक्षाही घातक असते, कारण तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. 'बिचारा' म्हणून ज्याच्या पाठीवरून हात फिरवला जातो, तो खेळाडू म्हणून मान मागू लागला की कृतघ्न ठरतो. हे पाप एकट्या सरकारचे नाही. समाजवादी मंडळींनी तर दुर्बलांच्या उद्धाराची भाषणे करण्यात हयात घालवली. परंतु दुर्बल म्हणून ज्याची गणना करायची तो आपल्यापेक्षा सबल निघाला तर त्याचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या पोथीत नव्हते.

२०१८ साली पेटकरांना पद्मश्री मिळाली. १९७२ ते २०१८ म्हणजे सेहेचाळीस वर्षे. केंद्रात सत्तांतर झाले, पद्म पुरस्कारांची दारे ल्यूटन्स दिल्लीच्या दिवाणखान्यांबाहेरच्या माणसांना खुली झाली, म्हणून हे घडले. त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. जून २०२४ मध्ये कबीर खान दिग्दर्शित 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला. कार्तिक आर्यनने पेटकर साकारले आणि साऱ्या देशाला एका रात्रीत त्यांचे नाव कळले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कुबड्यांच्या आधाराने पुढे येत पेटकरांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार स्वीकारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चित्रपट चांगला होता की वाईट, हे समीक्षकांनी ठरवावे. परंतु ज्या राष्ट्राला आपला पहिला सुवर्णवीर कळण्यासाठी हिंदी चित्रपटाच्या तिकिटाची गरज पडते, त्या राष्ट्राच्या शाळांत बावन्न वर्षे काय शिकवले जात होते? आणि चित्रपट तरी कितीसा पुरणार? त्याची पोस्टर्स उतरली की पुढच्या शुक्रवारी नवा नायक येतो.

नावे बदलली, पायऱ्या तशाच

आता थोडे आपल्याच घरात पाहू. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द योजावा असे सुचवले. शब्द रुजला, त्यामागची भावना उदात्त आहे, यात शंका नाही. २०१६ साली नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले आणि दिव्यांगांच्या क्रीडेसाठी त्यात स्वतंत्र कलम आले. पण त्याच २०१५ च्या मार्चमध्ये गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा मैदानी स्पर्धा भरल्या होत्या. अर्धवट बांधलेल्या इमारतीत खेळाडूंना उतरवले होते; कुबड्या घेऊन जाता येईल असे शौचालय नव्हते; कित्येकांना जमिनीवर निजावे लागले. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय पॅरालिंपिक समितीला निलंबित केले. त्या वेळी दिल्लीत सरकार कोणाचे होते, हे सांगायला नको. तो कारभार समितीचा होता, सरकारचा नव्हता, हा बचाव तांत्रिक दृष्ट्या खरा आहे. पण जमिनीवर निजलेल्या खेळाडूच्या पाठीला तांत्रिक बचावाचा काही उपयोग होत नाही.

त्यानंतर चित्र पालटले, हेही आकडेच सांगतात. रिओ २०१६ मध्ये भारताची चार पदके होती, टोकियोत एकोणीस झाली, पॅरिस २०२४ मध्ये एकोणतीस. त्यांत सात सुवर्ण. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या. २०२५ च्या शरदात जागतिक पॅरा मैदानी स्पर्धाही दिल्लीत झाल्या आणि भारताने बावीस पदके पटकावली. ज्या देशात पेटकरांच्या सुवर्णानंतरचे दुसरे पॅरालिंपिक सुवर्ण यायला देवेंद्र झाझरियाच्या अथेन्स २००४ पर्यंत बत्तीस वर्षे थांबावे लागले, त्या देशाने एवढी मजल मारली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

मात्र दिल्लीतील या यशाचा पाट वाळवा, खटाव, माणपर्यंत किती पोचला, हा प्रश्न उरतो. २०२५ साली इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले. अनेक दशकांची मागणी पूर्ण झाली. आनंदाचे पेढे वाटले गेले आणि ते उचितच होते. गुलामीच्या खुणा पुसायलाच हव्यात. परंतु गावाच्या पाटीवर ईश्वराचे नाव चढले, तर त्या गावातील आंधळ्या मुलाला, एका हाताच्या मुलीला मैदानाचे दार उघडे असायला नको काय? मैदानाच्या दाराशी चार पायऱ्या आणि बाजूला उतरंड नाही. तालीम आहे, पण कुबडी घेऊन आलेल्याला वस्ताद 'बाळा, तू बस' म्हणतो. शाळेत खेळाचा तास आला की पोलिओ झालेल्या मुलाकडे सर्वांच्या चपला राखण्याचे काम येते. हे चित्र मध्यमवर्गीय शहरी घरांत तर आणखी केविलवाणे असते. तेथे असे मूल पाहुण्यांसमोर आणलेच जात नाही. बहिणीच्या लग्नात अडचण येईल म्हणून त्याचा उल्लेख टाळला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती. एवढी माणसे रस्त्यावर, मैदानावर, मंदिरात दिसतात का? दिसत नसतील तर ती कोठे आहेत, हे प्रत्येक घराने आपल्या उंबऱ्याआड पाहावे.

व्यासपीठावर या विषयावर बोलायची वेळ आली की दोन दाखले हमखास निघतात. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोहाची जंघा बसवली, हा ऋग्वेदातला. आणि जनकाच्या सभेत हसणाऱ्या पंडितांना निरुत्तर करणाऱ्या अष्टावक्राचा दुसरा. दाखले सुंदर आहेत, आपल्या परंपरेच्या उदार दृष्टीचे ते पुरावेच होत. पण विश्पलेला जंघा बसवल्यावर अश्विनीकुमारांनी तिला पुन्हा रणात धाडले. शाल-श्रीफळ देऊन व्यासपीठावर बसवले नाही. आपले बहुतेक दिव्यांग-सत्कार याच्या नेमके उलट चालतात. तीन डिसेंबर आला की सभागृह भरते, हार पडतात, छायाचित्रे निघतात, आणि चार तारखेला त्या सभागृहाच्या जिन्याला कठडा नसतोच.

आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी याची कहाणी या संदर्भात मुद्दाम सांगावी लागते. माणदेशाचा हा कोरडा टापू. १९७२ च्या ज्या दुष्काळाने तो होरपळला, त्याच वर्षीचे पेटकरांचे सुवर्ण. शाळकरी वयात सचिन सायकलवरून पडला, हात मोडला, जखम चिघळली आणि अनेक शस्त्रक्रिया होऊनही डावा हात कायमचा अधू झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. मुलगा अभियंता झाला, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवू लागला, भालाफेकीत उतरला, खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो आपल्या गटात जगज्जेता ठरला. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकला, आशियाई विक्रम नोंदवला आणि रौप्य मिळवले. सुवर्ण मिळवणारा कॅनडाचा खेळाडू त्याच्या पुढे होता तो अवघ्या सहा सेंटिमीटरांनी. केंद्राने रौप्यासाठी पन्नास लाख रुपये दिले, अर्जुन पुरस्कारही दिला. जानेवारी २०२५ च्या त्याच पुरस्कार-यादीत पेटकरांचे नाव होते. एकाच जिल्ह्यातील दोन नावे, एकाच यादीत! एकाला पदकानंतर चार-पाच महिने थांबावे लागले, दुसऱ्याला साडेबावन्न वर्षे.

सचिनने पॅरा क्रीडेत पाऊल ठेवले तेव्हा त्याचे वय पंचविशीच्या आसपास होते. म्हणजे शाळेची सारी वर्षे त्या दिशेने कोणी बोट दाखवले नव्हते. आज करगणीच्या किंवा पेठच्या शाळेतल्या मुलाला ते बोट कोण दाखवणार? सरकारी प्रमाणपत्रावरील टक्केवारी वेगळी आणि स्पर्धेतील वर्ग वेगळा, हे किती क्रीडाशिक्षकांना ठाऊक आहे? सचिनचा वर्ग 'एफ ४६', संपूर्ण अंध धावपटूचा 'टी ११'; वैद्यकीय कागद पाहून, स्नायूंची किंवा दृष्टीची तपासणी करून तज्ज्ञ हा वर्ग ठरवतात आणि त्याशिवाय आंतरराष्ट्रीय मैदान उघडत नाही. हे ज्ञान दिल्ली-पुण्याच्या कार्यालयांत पडून राहिले तर तालुक्याच्या गावी त्याचा काय उपयोग?

आणि येथेच सातारा-सांगलीला एक अशी गोष्ट करता येईल, जी मुंबईला पैसा ओतूनही जमणार नाही. या दोन जिल्ह्यांत पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहावे. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे घोळक्याने धावत असतात. त्यांचे अंतर ठरलेले : सोळाशे मीटर. पॅरालिंपिकमधील मध्यम पल्ल्याची शर्यत आहे पंधराशे मीटरची. 'टी ११' गटात डोळ्यांवर पट्टी बांधलेला अंध धावपटू आणि त्याचा डोळस मार्गदर्शक हाताला एकच आखूड दोरी बांधून धावतात. मार्गदर्शकाने ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूने आधी ओलांडायची. मार्गदर्शक खेळाडूपेक्षा वेगवान हवा, नाहीतर तोच त्याच्या पायातली बेडी ठरतो. कर्नाटकातील रक्षिता राजू ही अंध मुलगी अशाच एका मार्गदर्शकाच्या साथीने आशियाई सुवर्ण जिंकून २०२४ मध्ये पॅरिसच्या पंधराशे मीटरपर्यंत पोचली. अंकुर धामाने हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पंधराशे आणि पाच हजार मीटर अशी दोन सुवर्णे मिळवली. या शर्यतीला लागते काय? एक अंध मुलगा, एक वेगवान मित्र, हातभर दोरी आणि रोजची पहाट. यातील तीन गोष्टी माण, खटाव, वाळवा, आटपाडीत आजच हजर आहेत. रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेली ललिता बाबर याच माणमधल्या मोहीची. धावण्याचा वारसा येथे कोणाला शिकवावा लागत नाही. चौथी गोष्ट, तो अंध मुलगा, कोणाच्या तरी घरात कोपऱ्यात बसून आहे.

त्याला बाहेर काढण्याचे काम सरकारी जीआर करणार नाही. गृहसंपर्क ज्यांना जमतो, त्यांनीच ते करावयाचे आहे. पुण्यात १९९२ साली स्थापन झालेली क्रीडा भारती मैदानावर काम करते. २००८ पासून 'सक्षम' दिव्यांगांमध्ये काम करते. दोहोंच्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी एका सतरंजीवर बसून आठ ते अठरा वयोगटातील मुलामुलींची गाववार यादी केली, तर पहिला टप्पा गाठला जाईल. दुसऱ्या टप्प्यासाठी दूर जावे लागत नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र पेटकर जन्मले त्याच १९४४ साली सुरू झाले. खडकीला जायबंदी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे आणि तेथेच सैन्याचे पॅरा क्रीडा केंद्रही उभे राहिले. भूसुरुंगात पाय गमावलेला नागालँडचा जवान होकाटो सेमा पुण्यातच गोळाफेक शिकला आणि पॅरिसहून कांस्य घेऊन आला. नागभूमीचा सैनिक पुण्यात येऊन पदकाची तयारी करतो, आणि चार तासांवरच्या आटपाडीचा मुलगा तेथे पोचत नाही, ही भूगोलाची अडचण खासच नव्हे.

माजी सैनिक या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. कवायतीचा आणि धावण्याचा सराव त्यांच्या अंगात मुरलेला आहे. निवृत्तीनंतर भरती अकादमी चालवणारेही त्यांच्यात आहेत. आपल्या अकादमीतील पन्नास मुलांमागे एका दिव्यांग मुलाला विनामूल्य घ्यावे आणि भरतीच्या दोन मुलांना त्याचे मार्गदर्शक नेमावे, एवढी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतींनी मैदानाच्या दाराशी सिमेंटची उतरंड घालावी. दोन ट्रॉली मुरूम आणि दोन दिवसांची मजुरी यात भागणारे ते काम आहे. सत्काराच्या एका मंडपाचे भाडे त्याहून अधिक असते.

पुढची पॅरालिंपिक लॉस एंजेलिसला आहे. उद्घाटनाची तारीख १५ ऑगस्ट २०२८. त्यानंतरची २०३२ साली ब्रिस्बेनला. आज जो मुलगा बारा-तेरा वर्षांचा आहे, त्याचे वय ब्रिस्बेनच्या वेळी एकोणिसाच्या आसपास असेल. हायडेलबर्गच्या तलावात उतरले तेव्हा पेटकर सत्तावीस वर्षांचे होते.